चार मिलिमीटर

पाली, उत्तन
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ईश्वरराव, नमस्कार.

या आठवड्याची सहाच चित्रं सोबत आहेत. बुधवारचं नाही. शेजारच्या लग्नाच्या मांडवाची ताडपत्री आमच्या गच्चीवर आली आणि सूर्य नेमका तिच्यामागे. मी चिडचिड करायला लागले तर मोठ्या जाऊबाई, चंपाबाई, म्हणतात, "येक दिस न्हाय बगितलास तर काय झाला? सूर्य हाय तिथंच हाय, तो कुठं जात न्हाय." त्यांना काय सांगायचं! सूर्य जात नाही, डाग जातात.

आता मुद्द्याचं. बंगळुरूच्या संस्थेतल्या त्या मुलीचं, सान्वीचं, पत्र आलं. हौशी लोकांनी काढलेली सूर्यावरच्या डागांची चित्रं ती गोळा करतेय आणि आपली वीस वर्षांची चित्रं संग्रहात घ्यायची त्यांची तयारी आहे. दोन माणसं, एकसारख्या दुर्बिणी, रोज एकच वेळ, असं तिच्या तरी पाहण्यात दुसरं नाही म्हणते. वाचून मी ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले, खोटं कशाला सांगू. हाताला बोंबलाचं पाणी, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

तिला आपली हकिगत हवीय. मी लिहिलंय ते खाली उतरवते. चुकलं असेल तर सांगा.

"मी लक्ष्मी, पालीच्या कोळीवाड्यातली. भाईंदरच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. ईश्वरराव मिरा रोडला पूनम सागरमध्ये राहतात, हाटकेशच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. २००४ साली शुक्र सूर्यासमोरून गेला तेव्हा ते आपली दुर्बीण घेऊन आमच्या शाळेच्या मैदानात आले होते. पुढच्या वर्षी त्यांनी लेथवर दोन जुळ्या दुर्बिणी बनवल्या, एक स्वतःला आणि एक मला. आम्ही दुर्बिणीतून सूर्याकडे बघत नाही. तिच्यामागे खोका, खोक्यात कागद, कागदावर पंधरा सेंटिमीटरचं वर्तुळ. त्यात सूर्याचं बिंब पाडायचं आणि डाग पेन्सिलीनं गिरवायचे. वेळ सकाळी सव्वानऊ. चित्र पोस्टात पडेपर्यंत सूर्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, फोनवरसुद्धा नाही, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्यानं काढलं असं व्हायला नको. दर शनिवारी दोघांनी आपापलं पाकीट टाकायचं. टपालाचा शिक्का हाच आमचा पंच. म्हणून इतक्या जवळ राहूनही आम्ही वीस वर्षं एकमेकांना पत्रं लिहितोय."

तिनं आणखी एक विचारलंय. ते विचारणार हे मला माहीत होतं. फेब्रुवारी २०२२पर्यंत आपली चित्रं एकावर एक ठेवली तर बसतात. तिथून पुढे माझे डाग तुमच्या डागांच्या मागे पडतात, बिंबाच्या मध्याजवळ चार मिलिमीटर. शिवाय तुमच्याकडचे बारके ठिपके माझ्याकडे नसतातच. तर कुणाचं धरायचं, असा तिचा प्रश्न. मी कळवून टाकलं की दुर्बिणी जुळ्या आहेत, तेव्हा दोष डोळ्याचा, आणि बिघडलेला डोळा माझा आहे. २०२२नंतरची माझी चित्रं बाद करा, ईश्वररावांची ठेवा.

तीन वर्षं रोज उन्हात उभी राहिलेय मी. पण चुकीची चित्रं घालून सगळा संग्रह नासवण्यापेक्षा माझी गेलेली बरी.

सोबत फॉर्म आहे. त्यात एकच वाक्य आहे, "प्रत्येक चित्र मी स्वतः, त्या दिवशी, लिहिलेल्या वेळी, दुर्बिणीतून पाहून काढले आहे." खाली सही करून परत पाठवा.

लक्ष्मी


पूनम सागर, मिरा रोड
शनिवार, १८ जानेवारी २०२५

बाईंना ईश्वरचा सूर्यनमस्कार!

अहो बाई, काय बातमी दिलीत! सूनबाईला, पिंकीला, ओरडून सांगितलं तर ती म्हणते, "बाबा, बीपीची गोळी घेतलीत का?" घेतली म्हटलं, आज दोन घेईन. खाली जाऊन कोपऱ्यावरच्या शेठकडून पेढे आणले आणि शेठलाही सांगून टाकलं की अपना काम बेंगलोर जा रहा है. तो म्हणाला, कौनसा काम? मी म्हटलं, सूरज का. बघतच राहिला.

बाई, अडतीस वर्षं मी टूलरूममध्ये दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर जॉब केले. हाटकेशच्या त्या पत्र्याच्या शेडमधून आमचे भाग कुठे कुठे गेले, एक तर अग्निबाणाच्या इंधनाच्या झडपेत गेला म्हणतात. पण नाव कधी माझं नव्हतं. आता या संग्रहात नाव लागणार, छापलेलं. घरची असायला हवी होती हो.

हकिगत झकास उतरलीय, एक शब्द बदलू नका.

तुमच्या तीन वर्षांचं वाचून मात्र वाईट वाटलं. राहू द्या की दोघांची, असं म्हणणार होतो. पण तुम्हीच ठरवलंत आणि बरोबर ठरवलंत. जॉब मापात नसेल तर बाजूलाच ठेवावा लागतो, मग तो आपल्या लाडक्या माणसानं केलेला का असेना. मन मोठं आहे तुमचं.

इथलं म्हणाल तर सोसायटीनं गच्चीभर सोलरची पॅनलं लावलीत, त्यांच्यातून अंग चोरून उभं राहावं लागतं. चालायचंच. सही केलेला फॉर्म सोबत आहे. लवकर धाडून द्या. आणि त्या पोरीला फार चौकश्या करू देऊ नका, ही शिकलेली मंडळी कीस काढत बसतात.

आपला,
ईश्वर


पाली, उत्तन
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

ईश्वरराव, नमस्कार.

फॉर्म पोचला. दोघांचे एकदम पाठवीन म्हणून ठेवलाय. त्याआधी एक गंमत सांगायचीय. गंमतच असेल.

२४ जानेवारीला, शुक्रवारी, आमच्या शाळेच्या नव्या बाई सहावीचा वर्ग घेऊन दुपारी घरी आल्या. गल्लीत स्कूटरी लावायला जागा नाही तिथं चाळीस पोरं! मी सकाळी सव्वानऊला माझं चित्र काढून ठेवलं होतं. पोरांना दाखवायचं म्हणून पावणेतीनला परत दुर्बीण लावली आणि दुसरं काढलं. तर मधल्या मोठ्या जोडीच्या खाली एक मोहरीएवढा डाग. सकाळच्या कागदावर त्या जागी पांढरं! "बाई, नवीन आला, नवीन आला!" म्हणून पोरांनी गच्ची डोक्यावर घेतली. पाच तासांत उगवलेला डाग. माझ्या या फुटक्या डोळ्यानंही तो दिसला, म्हणून मी त्या दिवशी भलतीच खुशीत होते.

मंगळवारी तुमचं पाकीट आलं. तुमच्या २४ तारखेच्या सव्वानऊच्या चित्रात तो डाग आहे.

मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. तुमचं सकाळचं चित्र माझ्या सकाळच्या चित्रावर बसत नाही, नेहमीसारखं चार मिलिमीटर पुढे. पण माझ्या दुपारच्या चित्रावर ठेवलं तर डाग न् डाग बसतो. एक केसही इकडेतिकडे नाही. तीन वर्षांत असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तुम्हाला काही कारणानं जमलं नसेल, दुपारी काढलंत आणि सवयीनं सव्वानऊ लिहून गेलात, असं झालं का? झालं असेल तर सरळ सांगा, वेळ दुरुस्त करू. माणूस आहे, होतं.

मंगळवारी रथसप्तमी आहे. चंपाबाई अंगणात दूध उतू घालणार आणि मला सूर्य काढायला सांगणार. रांगोळीत डाग काढले की ओरडतात.

लक्ष्मी


पूनम सागर, मिरा रोड
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

बाईंना ईश्वरचा सूर्यनमस्कार.

चूक? बाई, अडतीस वर्षं माझ्या हातच्या नोंदीला कुणी बोट लावलं नाही. शंभरातला एक जॉब परत आला तर मी दोन दिवस जेवत नव्हतो. आणि मी सव्वानऊच्या जागी पावणेतीन, छे! २४ तारखेला सकाळी सव्वानऊला मी गच्चीवर उभा होतो, थंडी होती, मफलर होता, सगळं आठवतंय. डाग होता. मी काढला.

राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. डाग सकाळीही होताच, तुम्हाला दिसला नाही. दुपारी ऊन कडक, म्हणून दिसला. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा बारके डाग तुमच्याकडून निसटायचेच की. आणि बिघडलेल्या डोळ्याला कधी असलेलं दिसत नाही, कधी नसलेलं दिसतं. यात तुमचा दोष नाही, वयाचा आहे.

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. सही झालीय, पाठवून द्या. पिंकीनं सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा टाकलंय, लोक अभिनंदन करतायत.

आपला,
ईश्वर


पाली, उत्तन
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

ईश्वरराव,

बुधवारी मी तुमच्या घरी येऊन गेले. पिंकीनं सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर बिचारीला बोलू नका, तिला काय माहीत की यात लपवायचं काही आहे.

मी भांडायला आले नव्हते. तुमचं पत्र वाचून मला वाटलं, या माणसाला वाईट वाटलं, आपण उगाच शंका घेतली. पापलेट घेऊन आले होते. तुम्ही बँकेत गेला होता. म्हटलं तोवर गच्चीवर जाऊन तुमची जागा तरी बघावी, वीस वर्षं पत्रातून ऐकतेय. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, छत तो तीन साल से बंद है. सोलर लगा है ना, चाबी सेक्रेटरी के पास रहती है, किसी को नहीं देते." मी म्हटलं, वो दुर्बीणवाले काका? म्हणाला, "वो भी नहीं जाते."

वर आले. पिंकीनं चहा केला. मी विचारलं, बाबा हल्ली चित्रं कुठे काढतात गं? तर किती सहज म्हणाली, "हॉलमध्येच की, काकी. संध्याकाळी मोबाईलवर सूर्याचा फोटो मोठा करून देते मी, मग ते बघून काढतात. छान काढतात ना?" माळ्यावर दुर्बीण होती, चादरीत गुंडाळलेली. माझ्या दुर्बिणीची जुळी बहीण. मी पापलेट ओट्यावर ठेवलं आणि निघाले. भाईंदर स्टेशनला उत्तनची बस लागलेली होती, तिच्यात बसल्या बसल्या गणित सुटलं. कागदसुद्धा लागला नाही.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, आपल्याला दिवसाला तेरा अंश सरकलेला दिसतो. साडेपाच तासांत तीन अंश. आपल्या पंधरा सेंटिमीटरच्या बिंबावर मध्याजवळ तीन अंश म्हणजे चार मिलिमीटर. नववीतल्या पोराला घालावं असं गणित. आणि उपग्रहानं काढलेल्या त्या फोटोंवर जगाची वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. तिथे सव्वानऊ लिहिलेलं असतं तेव्हा आपल्याकडे पावणेतीन वाजलेले असतात. फोटोवर ९.१५ दिसलं, ते तुम्ही आपलं सव्वानऊ समजून उतरवत गेलात. तीन वर्षं! सगळा जन्म मापात गेला तुमचा आणि घड्याळ कुणाचं आहे ते बघितलं नाहीत.

म्हणजे मी मागे पडत नव्हते. तुम्ही दुपारचा सूर्य सकाळचा म्हणून पाठवत होता. आणि ते बारके ठिपके आपल्या दुर्बिणीतून दिसूच शकत नाहीत. तुम्ही स्वतः त्या घडवल्यात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

चित्रांचं मी गिळलं असतं. आता डोळ्याचं बोलू.

नोव्हेंबर २०२२ची तुमची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. मी विचारलं होतं, की तुम्हाला दिसतात ते ठिपके मला का दिसत नाहीत आणि माझा हात मागे का पडतो. तुम्ही लिहिलंत, "बाई, डाग तर लख्ख आहेत. डोळे तपासून घ्या. आपल्या वयात लाज कसली?" मी गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आत्ता कुठे धरतोय, दोन-तीन वर्षं हात लावायची गरज नाही, नजर चांगली आहे तुमची. मी त्यांच्याशी हुज्जत घातली. म्हटलं, माझा जोडीदार त्याच दुर्बिणीतून जे बघतो ते मला दिसत नाही, नजर चांगली कशी? हट्टानं जानेवारीत ऑपरेशन करून घेतलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आत सूज आली, हजारात एखाद्याला येते म्हणाले, ती उतरली पण मधली नजर घेऊन गेली. आज उजव्या डोळ्यानं दाराची चौकट वाकडी दिसते. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.

तेव्हा तुम्ही दवाखान्यात शहाळी घेऊन आलात. माझ्या उशाशी बसून म्हणालात, "आता बघा बाई, कसे लख्ख दिसतील डाग." पट्टीच्या बाजूला बसला होतात म्हणून तुमचं तोंड मला दिसलं नाही. कसं होतं हो तुमचं तोंड तेव्हा?

एक माझंही पाप सांगून टाकते. २०२३च्या दिवाळीपासून तीन महिने मी डाग दिसतील तिथे न काढता चार मिलिमीटर पुढे ढकलून काढले, तुमच्याशी जुळावेत म्हणून. मग लाज वाटली आणि सोडलं. तुमचं खोटं खरं मानून मी माझं खरं खोटं केलं. म्हणजे त्या फॉर्मवर सही करायला आता मीही लायक नाही.

वीस वर्षं मी तुम्हाला भावासारखं मानलं. काय म्हणू तुम्हाला? मला तोंडावर थुंकायलाही तुम्ही समोर नव्हतात.

लक्ष्मी


पूनम सागर, मिरा रोड
शनिवार, ८ मार्च २०२५

लक्ष्मीबाई,

तीन शनिवार पोस्टात काही टाकलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. आज लिहितोय, पूर्ण वाचा एवढीच विनंती.

जे लिहिलंत ते सगळं खरं आहे. घड्याळाचंसुद्धा. ते वाचून मला सगळ्यांत जास्त लाज वाटली, हसाल तुम्ही, पण वाटली.

फेब्रुवारी २०२२मध्ये पॅनलं बसली आणि गच्चीला कुलूप लागलं. सेक्रेटरी जितेंद्रभाईंकडे तीनदा गेलो. ते म्हणाले, "काका, वॉरंटी जाएगी, किसी का पाँव पड़ा तो जिम्मेदारी किसकी?" मी म्हटलं, पाव तास द्या, सूर्य बघतो. ते म्हणाले, "सूरज का ही तो लगाया है, काका!" आणि बाकीचे सगळे हसले. गॅलरीसमोर नवीन टॉवर, तिथे ऊन पोचतं ते अकरानंतर, तेही हातभर. खाली कंपाउंडात नुसत्या गाड्या. म्हटलं, साखळी तुटायला नको, आज एक दिवस फोटोवरून काढू. मग दुसरा दिवस. खोट्याला एकदा बैठक मिळाली की ते उठत नाही.

तुम्हाला का नाही सांगितलं विचाराल. घरची गेल्यावर माझ्याकडे येणारी पत्रं म्हणजे विजेचं बिल आणि तुम्ही. चित्र बंद तर पाकीट बंद, असं मला वाटलं. शनिवारी पोस्टात जाणं एवढंच एक काम उरलं होतं ज्याला मी इस्त्रीचा शर्ट घालायचो.

डोळ्याचं. ती चिठ्ठी मी विचार न करता खरडली. तुम्ही लगेच ऑपरेशनला निघाल असं वाटलं नाही. तारीख कळली तेव्हा मी सगळं खरं लिहिलं होतं. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेलो. हात आत गेला नाही. परत आणलं आणि फाडलं. मग मनाला समजावलं की मोतीबिंदू आज नाही तर उद्या काढावाच लागतो, कुणाचं काय बिघडतंय. पुढे जे झालं ते मी बघितलंय. रोज आठवतं. माफ करा असं लिहायला तोंड नाही.

पण एक बोलतो. तुमच्याकडे घराची गच्ची आहे, समोर समुद्र, आकाशाला आडवं यायला कुणी नाही. वीस वर्षांत एकदा तरी म्हणालात का, ईश्वरराव, या इकडे, इथून बघू? तुम्ही नियम धरून बसलात. मला मात्र पाव तासाच्या आकाशासाठी लोकांच्या पाया पडावं लागलं. ते तुम्हाला कळायचं नाही.

आता मागणं. सान्वीला खरं कळवलंत तर माझी तीन वर्षं जातीलच, पण आधीची सतरा वर्षंही संशयात जातील. ती खरी आहेत बाई, तुम्हाला माहीत आहे. माझ्या हयातीतलं तेवढंच माझ्या नावाचं काम आहे. एक मार्ग सुचतो. तिला एवढंच कळवा की २०२२नंतर ईश्वररावांकडून वेळ लिहिण्यात चूक झाली, ९.१५च्या जागी २.४५ वाचावं. मग माझी चित्रंही बरोबर, तुमचीही बरोबर. चार मिलिमीटरचा हिशेब मिटतो. कुणाचं नुकसान नाही. डाग तर तिथेच होते ना? सूर्य तर खराच आहे ना?

ईश्वर


पाली, उत्तन
शनिवार, १७ मे २०२५

ईश्वरराव,

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण तुमचा मार्ग खरंच चालण्यासारखा होता. ९.१५च्या जागी २.४५. एका ओळीचं पत्र आणि सगळं जुळलं असतं. मी ती ओळ लिहिलीही होती. चंपाबाईंना वाचून दाखवली, त्यांना काही समजलं नाही, पण विचारलं, "त्यान तुजा डोला घेतला न् तू त्येलाच सांबालतेस?" कागद चुलीत घातला.

सूर्य खरा आहे, मान्य. पण आपल्याला सूर्य कुणी विचारला नव्हता. तुम्ही काय पाहिलंत एवढंच विचारलं होतं.

आणि गच्चीचं. नाही बोलावलं, खरं आहे. मला माहीतच नव्हतं की तुमची गेलीय. तुम्ही मफलर घालून थंडीत उभे होता, असं लिहीत होता मला. एक ओळ टाकली असतीत, "बाई, मला जागा नाही," तर नियम गेला खड्ड्यात, मी स्वतः रिक्षा घेऊन न्यायला आले असते.

सान्वीला सगळं कळवलं. तुमचं आणि माझ्या तीन महिन्यांचंही. तिचं उत्तर परवा आलं. तुमची सगळी चित्रं परत येतील, वीसही वर्षांची. मी फोन करून भांडले तिच्याशी. म्हटलं, आधीची सतरा वर्षं खरी आहेत, मी शपथेवर सांगते. ती म्हणाली, "कशावरून, मॅडम?" माझ्याकडे पोस्टाचे शिक्के होते. पाकीट कधी टाकलं ते शिक्का सांगतो, आत काय पाहून भरलं ते नाही सांगत. मी फोन ठेवला. तुमच्या नावासाठी मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच राग आला.

माझी चित्रं ते ठेवतायत, ते तीन महिने सोडून. सान्वीनं २०२२ची माझी चित्रं त्या दिवसाच्या, त्या वेळेच्या फोटोंशी ताडून बघितली. तिनं लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं देते, "आपला हात अर्ध्या मिलिमीटरनेही चुकलेला नाही, इतकी चांगली नजर आमच्या तरुण निरीक्षकांची नसते." किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. डाव्या डोळ्यानंच वाचावं लागलं. त्यातही आता मोतीबिंदू पिकत चाललाय, डॉक्टर म्हणतात यंदा काढू या. माझा धीर होत नाही.

दुर्बीण काल शाळेत दिली. हल्ली सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पोरं मैदानात काठी रोवून तिची सावली पायाशी नाहीशी होताना बघत होती. मीही उभी होते. मला काठीच वाकडी दिसली.

या पाकिटात चित्र नाही. तुम्हीही आता काही पाठवू नका. पोस्टमन तुमच्या नावाचं पाकीट घेऊन आला तर परत करायला सांगितलंय.

तुम्हाला शिव्या द्यायच्या म्हणून बसले होते, पण एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहिते आणि थांबते. डॉक्टर मला म्हणाले होते, बाई, तुमचे डोळे चांगले आहेत. दोनदा म्हणाले. मी त्यांचं ऐकलं नाही. तुमचं ऐकलं.

लक्ष्मी